परमुलखांत मोटारीचा परवाना

ठाणें, डोंबिवली किंवा कल्याण येथील एखाद्या घरांतून मुलगा परदेशीं निघाला, कीं आठ दिवस आधींपासूनच त्या घराची कळा पालटते. मेतकुटाचे आणि भाजणीचे डबे भरले जातात. लोणच्याची बरणी फुटूं नये म्हणून ती गरम कपड्यांत गुंडाळली जाते. पदवीचीं प्रमाणपत्रें, जन्माचा दाखला, नेमणुकीचें पत्र यांच्या प्रती तीन-तीन वेळां मोजून होतात. या सर्व धांदलींत एका वस्तूची आठवण मात्र सहसा कोणालाच होत नाहीं. ती वस्तु म्हणजे मोटार हांकण्याचा परवाना. तो पाकिटांत असतोच, म्हणून तो गृहीत धरलेला असतो. आणि मौज अशी, कीं ज्या पदवीसाठीं मुलानें सोळा-सतरा वर्षें डोळे शिणविले ती परदेशांतील धनी बहुधा एका नजरेनें मान्य करतो. पण ठाण्याच्या किंवा कल्याणच्या आर. टी. ओ. कचेरीनें दिलेलें हें लहानसें कार्ड तेथें कांहीं महिनेच टिकतें. त्यानंतर पस्तिशी उलटलेल्या, हाताखालीं दहा माणसें वागविणाऱ्या गृहस्थाला पुन्हां उमेदवार व्हावें लागतें, आणि परीक्षक शेजारीं बसला म्हणजे त्याच्या तळहाताला घाम सुटतो.

हा प्रसंग आपल्याच भागांतील माणसांवर विशेष कां ओढवतो, याला एक जुनें कारण आहे. ठाण्याला आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं, आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. तेव्हांपासून या पट्ट्यांतील माणूस रुळांवर वाढला. कामाला जावयाचें तें लोकलनें. स्टेशनापर्यंत जावयाचें तें रिक्षानें किंवा पायीं. मोटार घरीं असली तरी ती रविवारची, लग्नकार्याची, फार तर गांवीं जाण्याची. परवाना काढावयाचा तो अठरावें वर्ष लागलें म्हणून, आणि पुष्कळदां ओळख पटविण्याचा एक सोयीचा कागद म्हणून. अशा माणसाचा परवाना दहा वर्षांचा असतो आणि हात दहा महिन्यांचा. याच्या अगदीं उलट असा दुसरा एक वर्ग आहे. घोडबंदर रस्त्यावर अवजड ट्रकांच्या मधून, तीन हात नाक्यावर चारी बाजूंच्या रेट्यांतून, पावसाळ्यांत कल्याण-शीळ रस्त्याचे खड्डे चुकवीत जो रोज मोटार हांकतो, त्याला वाटतें कीं ज्याला हें साधलें त्याला जगांत कोठेंही साधेल. परीक्षेला बसल्यावर अपेक्षाभंग होतो तो या दुसऱ्याचा अधिक. पहिल्याला निदान आपल्याला येत नाहीं हें ठाऊक असतें.

परीक्षेकडे वळण्यापूर्वीं एका गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. 'आंतरराष्ट्रीय परवाना काढला आहे, आतां चिंता नाहीं,' असें घरोघरीं ऐकूं येतें. हें राखाडी पुठ्ठ्याचें पुस्तक म्हणजे नेमकें काय? १९ सप्टेंबर १९४९ रोजीं जिनीव्हा येथें अनेक राष्ट्रांनीं रस्त्यावरील वाहतुकीविषयीं एक करार केला. भारत त्या करारांत १९६२ सालीं सामील झाला. एका देशाचा मोटारवाला दुसऱ्या देशांत प्रवासाला गेला, तर तेथल्या पोलिसाला त्याचा परवाना वाचतां यावा, एवढ्यासाठीं मूळ परवान्याचा मजकूर निरनिराळ्या भाषांत छापून देण्याची सोय त्यांत केलेली आहे. ज्या कचेरीच्या हद्दींत आपण राहतों तेथें १,००० रुपये भरून तें मिळतें, आणि एक वर्ष, किंवा मूळ परवान्याची मुदत त्याआधीं संपत असेल तर तितकेच दिवस, तें चालतें. म्हणजे तें भाषांतर आहे. आणि मूळ ग्रंथ हातीं नसतांना भाषांतराला जसा आधार राहत नाहीं, तसेंच याचेंही आहे. मूळ कार्ड घरीं कपाटांत ठेवून केवळ हें पुस्तक घेऊन जाणारे महाभाग नाहींत असें नाहीं. शिवाय ही सर्व सोय पाहुण्यासाठीं आहे. पाहुणा जेव्हां घरचा होतो, म्हणजे नोकरी धरतो, घर भाड्यानें घेतो, तेव्हां त्या देशाचा कायदा म्हणतो कीं आतां आमच्या पद्धतीनें परीक्षा द्या.

ही मुदत देशोदेशीं निराळी आहे. ब्रिटनमध्यें ती रहिवासी झाल्या दिवसापासून १२ महिने. जर्मनींत ६ महिने. अमेरिकेंत तर प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. कॅलिफोर्नियांत कायमचें बिऱ्हाड करणाऱ्यानें १० दिवसांत अर्ज करावा असा नियम आहे, तर न्यूयॉर्क राज्यांत ३० दिवसांची सवड आहे. दुबईंत रहिवासाचा व्हिसा हातीं पडला, कीं भारतीय परवान्यावर मोटार हांकतां येत नाहीं. तेथें मोटार-शाळेंत नांव घालून, ठरलेले तास भरून, मग परीक्षा. बारा महिन्यांची मुदत मोठी वाटते, पण तीच घातक ठरते. ब्रिटनमध्यें नव्यानें गेलेला माणूस वर्षभर भारतीय परवान्यावर निर्धास्तपणें मोटार नेतो, कचेरीला जातो, मुलांना शाळेंत पोहोंचवितो; परीक्षेचें 'पाहूं पुढें' म्हणून ढकलतो. आणि एके दिवशीं सकाळीं, काल रात्रीपर्यंत कायदेशीर असलेलें त्याचें तेंच कृत्य गुन्हा होतें. आतां त्यानें शिकाऊ परवाना घ्यावा, मोटारीला पुढें-मागें तांबड्या रंगाचें 'एल' अक्षर लावावें, आणि शेजारीं एकवीस वर्षांवरील व तीन वर्षें परवाना असलेला मनुष्य बसवावा, तरच त्याला रस्त्यावर येतां येतें. विम्याचें काय होतें तें वेगळें सांगावयास नको. त्यांतून परीक्षेची तारीख मागितली तर, विशेषतः २०२० सालच्या सांथीनंतर, ती मिळण्यास तेथें महिनेच्या महिने लागूं लागले. म्हणून ज्याला मुक्काम करावयाचा आहे त्यानें शिकाऊ परवान्याचा अर्ज पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच करावा. वर्ष पुरें होईपर्यंत शिकाऊपणाच्या अटी त्याला लागत नाहींत, आणि तारखेची वाट पाहण्यास अवधि मिळतो.

आतां प्रत्यक्ष परीक्षा. ब्रिटनमध्यें ती सक्तीची झाली १ जून १९३५ रोजीं. त्यापूर्वीं तेथेंही शुल्क भरलें कीं परवाना मिळे! आज तिचे तीन टप्पे आहेत. पहिल्यांत ५० प्रश्न, त्यांतील ४३ बरोबर यावे लागतात. आपल्याकडे शिकाऊ परवान्याच्या परीक्षेंत शेंकडा ६० उत्तरें बरोबर आलीं कीं भागतें. दुसऱ्या टप्प्याचें आपल्या लोकांना मोठें नवल वाटतें. चौदा छोटीं चलच्चित्रें दाखवितात. रस्ता दिसत असतो, मोटार चाललेली असते. मध्येंच उभ्या गाडीचें दार किंचित् हलतें, किंवा पदपथावरून एखादें मूल धांवत येतांना दिसतें. हें संकट होऊं घातलें आहे असें जितक्या लवकर ओळखून बटण दाबावें तितके गुण अधिक. पंचाहत्तरपैकीं ४४ गुण हवेत. उगाच दाबीत सुटल्यास त्या चित्राला शून्य. ठाण्याच्या बाजारपेठेंतून मोटार काढणाऱ्या माणसाची येथें पंचाईत होते. त्याच्या दृष्टीनें एक तर पडद्यावरील प्रत्येक वस्तु संकट असते, नाहीं तर कोणतीच नसते. गाय, हातगाडी, उलट दिशेनें येणारी रिक्षा यांना संकट न मानतां केवळ वळसा घालण्याची त्याची संवय जुनी असते. संकट अंगावर आल्यावर ब्रेक मारण्यांत त्याचा हातखंडा. येण्यापूर्वीं गति कमी करणें हें मात्र त्याला भित्रेपणाचें वाटतें.

तिसरा टप्पा रस्त्यावरचा. प्रथम २० मीटरांवरील मोटारीचा क्रमांक वाचून दाखवावयाचा. तो वाचतां आला नाहीं, तर मोटारीला हात न लावतांच परीक्षा संपते. मग सुमारें ४० मिनिटें मोटार हांकावयाची, त्यांपैकीं कांहीं वेळ परीक्षकानें पावलागणिक न सांगतां, पाट्या पाहून किंवा यंत्राच्या सूचना ऐकून. किरकोळ चुका १५ पर्यंत माफ. गंभीर चूक एकही नाहीं. येथें आपला माणूस नापास होतो तो कशांत? मोटार नीट चालविण्यांत नव्हे. क्लच, गिअर, चढावर मोटार उभी करून पुन्हां सोडणें, अरुंद जागेंतून ती काढणें, यांत तो परीक्षकालाही दोन धडे देईल. तो नापास होतो पाहण्यांत. लेन बदलण्यापूर्वीं आरसा पाहिला नाहीं. आरशांत न दिसणाऱ्या कोपऱ्यासाठीं मान वळविली नाहीं. मोटार जागेवरून हलविण्याआधीं खांद्यावरून मागें नजर टाकली नाहीं. पाहिलें असें नुसतें मनांत असून चालत नाहीं; परीक्षकाला तें दिसलें पाहिजे. कांहीं जण त्यामुळें मान इतकी जोरानें फिरवितात कीं नाटक्यासारखे दिसतात, पण तें बरें.

गोल चौक ही दुसरी अडचण. ब्रिटनमध्यें १९६६ पासून नियम आहे कीं चौकांत शिरणाऱ्यानें उजवीकडून येणाऱ्यास आधीं जाऊं द्यावें. डोंबिवलीच्या घरडा सर्कलवर जो आधीं नाक घुसवितो त्याची वाट आधीं मोकळी होते. तेथें मात्र थांबण्याची जागा, थांबण्याचा क्षण आणि पुन्हां निघण्याचा क्षण ठरलेला असतो. आणि निघण्याचा क्षण चुकवून उगाच थांबून राहिलें तरी तीही चूकच! हें ऐकून आपल्या लोकांना राग येतो. घाईही नको आणि थांबणेंही नको, मग करावें तरी काय? परंतु याचें उत्तर सरळ आहे. मागचा मोटारवाला तुम्ही निघणार असें धरून चाललेला असतो, आणि त्याचा अंदाज खोटा पाडणें हाच अपघाताचा आरंभ होय. आपल्याकडे प्रत्येक जण दुसरा काय वाटेल तें करील असें गृहीत धरून हांकतो. तेथें प्रत्येक जण दुसरा नियमाप्रमाणेंच वागेल असें समजून हांकतो. दोन्ही रीतींनीं माणसें घरीं पोहोंचतात, पण एका रीतींत वाढलेला माणूस दुसरींत शिरला म्हणजे तो स्वतः सावध असूनही इतरांना धोक्याचा होतो.

भोंग्याचेंही तसेंच. कोपर पुलावर चढतांना भोंगा वाजवूं नये असें कोणास सांगितलें तर तो हसेल, कारण आपल्याकडे भोंगा म्हणजे शिवी नव्हे. 'मागें आहें हो, जरा सांभाळा' एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटनमध्यें वस्तींत रात्रीं साडेअकरा ते सकाळीं सात या वेळांत तो वाजवितांच येत नाहीं, आणि इतर वेळींही वाजला तर पुढचा मनुष्य अपमान झाल्यासारखा वळून पाहतो. झेब्रा पट्ट्यांविषयीं मात्र हसण्यासारखें कांहीं नाहीं. पट्ट्यांच्या कडेला कोणी ओलांडण्याच्या बेतानें उभा आहे एवढें दिसलें, तरी मोटार थांबविण्याची तयारी हवी. आपल्याकडे पट्ट्यावरचा माणूस मोटारीकडे पाहून हात वर करतो आणि धांवतो. तेथें तो मोटारीकडे न पाहतां चालूं लागतो. हाच फरक ज्याच्या पायाला, म्हणजे ब्रेकवरच्या पायाला, कळला नाहीं, त्याच्या हातीं परवाना न देणारा परीक्षक दुष्ट म्हणतां येणार नाहीं.

आणि हे सारे परकीयांचेच चोचले आहेत काय? आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील पंधरावा नियम उघडून पाहावा. आरसा नीट लावणें, पुढें जातांना व वळतांना योग्य काळजी घेणें, वेळेवर इशारा देणें, मागें मोटार घेतांना ती ताब्यांत ठेवणें, हीं सर्व कामें उमेदवारानें परीक्षकास करून दाखवावयाचीं असें त्यांत लिहिलेलें आहे. डोळ्यांच्या बाबतींत तर आपण ब्रिटनच्या पुढें आहों: मोटारीचा क्रमांक २५ मीटरांवरून वाचतां येतो काय, असा प्रश्न आपल्या अर्जांत छापलेला असतो. नियम एकच. एका ठिकाणीं तो चाळीस मिनिटें तपासला जातो, तर दुसऱ्या ठिकाणीं अनेकदां पांच मिनिटांत आवरतो, आणि उमेदवार सही करून घरीं जातो.

अमेरिकेची गोष्ट वेगळीच आहे. तेथें मोटार उजव्या बाजूनें चालते, स्टिअरिंग डावीकडे. बाजू बदलणें वाटतें तितकें कठीण नाहीं. स्वीडननें ३ सप्टेंबर १९६७ रोजीं सगळ्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली आणि तें राष्ट्र सुखरूप राहिलें! पहिले कांहीं दिवस वळणाचा दिवा लावावयास जावें आणि पुढच्या कांचेवरचा वायपर फिरूं लागावा, एवढें होतें. कारण आपल्याकडील बहुतेक मोटारींत दिव्याची दांडी उजवीकडे, तिकडे डावीकडे. खरी अडचण थांबण्याची. 'स्टॉप' असें लिहिलेलें असेल तेथें रस्ता निर्मनुष्य असला तरी चाकें पूर्ण थांबलीं पाहिजेत. नुसतें हळू होऊन पुढें सरकणें ही नापास होण्याजोगी चूक. चारही रस्त्यांवर अशी पाटी असेल तर जो आधीं आला तो आधीं जातो, आणि पोलीस नसतांना माणसें हा क्रम पाळतात. शाळेची पिवळी बस तांबडे दिवे लुकलुकवीत उभी राहिली, कीं मध्यें दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्हीं बाजूंच्या मोटारींनीं थांबावयाचें.

पण तेथें परवान्याचें मोल कोणास अधिक असेल, तर तें नोकरीसाठीं गेलेल्या पुरुषास नव्हे, त्याच्यामागून गेलेल्या त्याच्या पत्नीस. नौपाड्यांत वाढलेली मुलगी घ्या. कॉलेजला जाण्यासाठीं ती सोळाव्या वर्षापासून एकटी लोकलच्या गर्दींत शिरली. जांभळी नाक्यावरून भाजी आणली, रात्रीं नाटक पाहून मैत्रिणींबरोबर रिक्षानें घरीं आली. कोणाला विचारावें लागलें नाहीं. तीच मुलगी टेक्सासमधील किंवा न्यू जर्सीमधील एखाद्या वसाहतींत जाते. घर मोठें, अंगण हिरवें. दूध मिळण्याचें ठिकाण तीन मैलांवर, आणि तेथपर्यंत जाण्यास बस नाहीं, कित्येकदां पदपथही नाहीं. नवरा सकाळीं मोटार घेऊन गेला कीं संध्याकाळपर्यंत ती जागच्या जागीं. दवाखाना, ग्रंथालय, दुसऱ्या मराठी कुटुंबाची भेट, सारें त्याच्या सवडीवर. ज्या स्वातंत्र्याला ठाण्यांत तिनें कधीं स्वातंत्र्य म्हटलें नव्हतें, कारण तें श्वासासारखें होतें, तें गेल्यावर तिला कळतें. मग तक्रार सासरची नसते, माहेरची नसते. पण दूरध्वनीवर आईला आवाज बारीक झालेला ऐकूं येतो. अशा मुलीनें परवाना मिळविणें ही हौस नव्हे. तिच्या दृष्टीनें ती लोकल पुन्हां सुरू होणें आहे.

आणि एक विशेष असा, कीं ज्या बाईनें आपल्याकडे मोटारीला कधीं हात लावलेला नसतो ती पुष्कळदां नवऱ्यापेक्षां लवकर तयार होते. तिला विसरावयाचें कांहींच नसतें. मात्र तिला शिकविण्याचें काम नवऱ्यानें अंगावर घेऊं नये. संसारांतील कित्येक मोठीं भांडणें सोसून गेलेलीं जोडपीं मोटार शिकतांना आठवडा-आठवडा अबोला धरतात. पैसे देऊन शिक्षक ठेवावा. तो ओरडत नाहीं, आणि त्याच्या पायाखालीं जादा ब्रेक असतो.

जर्मनीविषयीं थोडक्यांत. तेथें लेखी परीक्षा इंग्रजीसह कांहीं परकीय भाषांत देतां येते. प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो व डोळे तपासून घ्यावे लागतात. वस्तीच्या आंतल्या चौकांत पाटी नसेल तेथें उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधीं, मग तुमचा रस्ता कितीही रुंद असो. या एका नियमानें तेथें नवख्याची भंबेरी उडते, कारण आपल्याकडे मोठ्या रस्त्याला आपोआप मोठेपणा मिळतो.

आतां निघण्यापूर्वीं ठाण्या-कल्याणांत करावयाचीं कामें. परवान्याची मुदत वर्षा-दीड वर्षांत संपत असेल, तर नूतनीकरण करून जावें. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधींपासून तें करतां येतें. नांव तपासावें. आपल्याकडे परवान्यावर स्वतःचें, वडिलांचें आणि आडनांव अशी त्रिस्थळी यात्रा असते, पासपोर्टावर ती निराळ्या क्रमानें मांडलेली असते, आणि लग्न झालेल्या स्त्रीच्या परवान्यावर बहुधा माहेरचें नांव राहून गेलेलें असतें. परदेशांतील कारकुनाला हीं दोन माणसें वाटतात, आणि त्याला समजावून सांगण्यास आत्याबाई तेथें नसतात. परवाना जुन्या पुस्तकाच्या स्वरूपाचा असेल तर त्याचें कार्ड करून घ्यावें. आणि कचेरींतून आपल्या परवान्याचा अधिकृत उतारा घ्यावा: तो कोणत्या सालीं दिला, कोणत्या वाहनासाठीं, मध्यें खंड पडला काय. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत परवाना पायरीपायरीनें मिळतो. तुम्ही आधींच कित्येक वर्षें मोटार हांकीत आहां हें मूळ देशाच्या अधिकाऱ्याच्या लेखानें सिद्ध झालें, तर मधल्या प्रतीक्षेचा काळ वांचतो. हा एक कागद तेथें बसून मागवूं लागल्यास डोंबिवलीच्या वृद्ध वडिलांना कचेरीच्या फेऱ्या घालाव्या लागतात. मुलगा समोर असतांना तें काम एका दिवसाचें. आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत परदेशांत संपली, तर आपल्या वकिलातीमार्फत नव्यासाठीं अर्ज करण्याची सोय २०२१ च्या जानेवारींत झाली आहे. पण मूळ परवाना जिवंत असेल तरच तिचा उपयोग.

हें शेवटचें बहुतेक जण विसरतात. तिकडचा परवाना हातीं आला कीं इकडचा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. पांच-सात वर्षांनीं तो गृहस्थ मुलांना घेऊन दिवाळीला डोंबिवलीस येतो. धाकट्या भावाची मोटार दारांत असते. टिटवाळ्याच्या गणपतीला जावें असें ठरतें, आणि तो किल्ली उचलतो. तेवढ्यांत भाऊ विचारतो, 'दादा, तुझें लायसेन्स चालू आहे ना?' पाकिटांतून जुनें कार्ड निघतें. मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ गेला असेल, तर १ सप्टेंबर २०१९ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणें नुसतें शुल्क भरून भागत नाहीं. कल्याणच्या कचेरींत जाऊन पुन्हां परीक्षा द्यावी लागते. त्या दिवशीं मोटार भाऊच हांकतो.